कातडे राखणारी गोळी



पत्रिकेवर आमच्या नावाखाली हा विषय छापलेला पाहून बाजारपेठेत दोघातिघांनी आम्हाला थांबवले आणि विचारले, "काय हो, युनियन सोडून शिकारीला लागलात की काय?" शिकारीला आम्ही लागलेलो नाही. आयुष्यात बंदूक हातात धरली नाही, आणि या वयात धरण्याचा विचारही नाही. आमचे दिवस गेले हमाल-मापाड्यांत, जिनिंगच्या आवारात आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर. परंतु ज्याची शाळा लवकर सुटली त्याला हाती लागेल ते वाचावे लागते. इंग्रजी आम्ही शिकलो ते रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने आणलेल्या मासिकांवर. त्यांत अमेरिकन शिकाऱ्यांची मासिके पुष्कळ असत, कारण ती दुसरे कोणी उचलत नसे. त्या मासिकांत एक प्रश्न दर हिवाळ्याला नव्याने विचारलेला आम्हाला दिसे. कोयोटी मारायचा आहे, पण त्याचे कातडे खराब होता कामा नये, तर बंदुकीत कोणती गोळी घालावी?

पहिल्यांदा हसू आले. ज्याचा जीव घ्यायचा त्याच्या अंगरख्याची एवढी काळजी! पुढे लक्षात आले की प्रश्न चेष्टेचा नाही. त्यात पदार्थविज्ञान आहे, बाजारभाव आहे, आणि जनावराला मरायला किती वेळ लागावा याचाही हिशेब आहे. पहिले दोन हिशेब सगळे मांडतात. तिसऱ्याकडे बहुतेकांचा काणाडोळा होतो, आणि आम्ही इथे उभे आहोत ते त्या तिसऱ्यासाठी.

कायद्याची गोष्ट आधीच सांगून टाकू, म्हणजे उद्या कोणी आमचे नाव फौजदाराकडे घेणार नाही. आपल्या देशात कोल्हा, खोकड, लांडगा यांपैकी कशाचीही शिकार करता येत नाही. मुंबई राज्याचा वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा १९५१ चा. देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्या कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकली. २०२२ च्या दुरुस्तीने तर कोल्हा पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत जाऊन बसला. शेताच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळू शकतो, परंतु तो परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नव्हे. हा भेद आपल्याकडे फार जण विसरतात.

आता कोयोटी म्हणजे काय ते पाहू. हा उत्तर अमेरिकेतला, आपल्या कोल्ह्याच्या गोत्रातला प्राणी. आपला कोल्हा आठ-दहा किलोचा, कोयोटी त्याहून थोराड, दहापासून पंधरा-सोळा किलोपर्यंत. खाण्याच्या बाबतीत दोघांचा स्वभाव एक. उंदीर, ससा, मेलेले ढोर, पिकलेले फळ, काही चालते. कोल्हा काकडीला राजी, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. नदीच्या पात्रातली टरबुजे फोडून गर खाऊन गेलेला कोल्हा इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. फरक आहे तो अंगावरच्या केसांचा. आपल्या खानदेशच्या उन्हात कोल्ह्याला जाड लोकर घेऊन काय करायचे? कॅनडाच्या बर्फात मात्र कोयोटीच्या अंगावर हिवाळ्यात दुहेरी पांघरूण येते, वर लांब राठ केस आणि खाली मऊ दाट लव. साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत ते ऐन भरात असते. पुढे जनावर अंग घासू लागते, केस तुटतात, आणि भाव उतरतो. थंड देशांतल्या कोटांच्या टोपीला जी केसाळ झालर असते, ती पुष्कळदा या कोयोटीची.

या कातड्यांचा लिलाव होतो, आणि लिलावाआधी प्रतवारी होते. आपल्या बाजार समितीत व्यापारी मिरचीच्या ढिगात हात घालतो, मूठभर वर काढतो, नाक मुरडतो आणि भाव पाडतो, तसाच तिथला प्रतवारी करणारा कातडे हातावर घेऊन केसांत फुंकर मारतो, पाठीवरून बोटे फिरवतो आणि भोक शोधतो. वाटाण्याएवढे भोक शिवून टाकलेले असेल तर तो फारसे बोलत नाही. मुठीएवढे भगदाड असेल तर कातडे खालच्या प्रतीत जाते. फाटके असेल तर त्याला भावच नाही. थोडक्यात, गोळीच्या भोकाला तिथे कडता लागतो. आम्ही सगळी उमेद कडत्याशी भांडण्यात घालवलेली, म्हणून हा प्रश्न आम्हाला लगेच समजला.

आता गोळीकडे वळू. याचा खानदेशाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पुरेसा आहे. ताप्ती लाइनच्या गाडीत इथून बसले की भुसावळ, आणि भुसावळच्या पुढे वरणगाव. तिथे १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे बनवण्याचा सरकारी कारखाना आहे. त्याआधीचा खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ चा. दोन्ही कारखाने १ ऑक्टोबर २०२१ ला एका सरकारी कंपनीत घातले गेले. त्याबद्दल आम्हाला बरेच बोलायचे आहे, पण ते या मांडवात नाही. वरणगावचे कामगार आमच्या ओळखीचे आहेत. कारखान्यातल्या गोष्टी आम्ही त्यांना विचारल्या नाहीत, आणि विचारल्या असत्या तर त्यांनी सांगितल्या नसत्या. गोळी कशी असते हे पुस्तकांतही लिहिलेले आहे.

गोळी म्हणजे शिशाचा दाणा. शिसे जड म्हणून दूर जाते, पण मऊ म्हणून जोराने फेकले की नळीतच झिजते, तिला माखून टाकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली, गोळीचा वेग वाढला, आणि शिशाला कवच चढवावे लागले. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाची पातळ वाटी ओढून ओढून लांब करतात आणि तिच्यात शिसे दाबून बसवतात. कवच टोकापर्यंत पूर्ण असेल तर गोळी अंगात शिरल्यावरही बहुधा आपला आकार धरून राहते. टोकाशी शिसे उघडे ठेवले तर ती आत जाऊन अळंब्यासारखी फुलते. टोकाला पोकळी ठेवली किंवा प्लास्टिकची चिमुकली टोपी बसवली, आणि कवच पातळ केले, तर ती आत शिरताच तुकडे तुकडे होते.

फुलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्या देशाशी बांधलेला आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात ब्रिटिश फौजेसाठी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी काढण्यात आली. सरहद्दीवरच्या लढायांत पूर्ण कवचाची गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो चालतच राहतो, अशी फौजेची तक्रार होती. पुढे १८९९ साली हेग येथील परिषदेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरण्यास मनाई केली. त्यामुळे जगातल्या बहुतेक फौजा आजही पूर्ण कवचाची गोळी वापरतात. मजा अशी की माणसासाठी जी गोळी क्रूर ठरली, तीच जनावरासाठी दयेची मानली जाते. कारण शिकाऱ्याला जनावर जागीच पडलेले हवे असते. ही विसंगती दिसते तेवढी खरी नाही. लढाईत शत्रू निकामी झाला की काम भागते. शिकारीत जखमी होऊन झुडपात शिरलेले जनावर म्हणजे दिवस दिवस चालणारे मरण.

कातड्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न उलटा होतो. गोळी आत शिरते तेव्हा भोक लहान असते, पेन्सिल जाईल एवढे. कातडे निकामी होते ते बाहेर पडण्याच्या बाजूने. फुललेली गोळी, तिच्यासोबत हाडाचे कपचे, फाटलेले मांस, हे सारे एकदम बाहेर येते आणि कातडे आतून फुटते. म्हणजे कातडे राखायचे तर एकतर गोळीने बाहेर पडूच नये, नाहीतर शिरताना होती तशीच बारीक राहून पडावे. या दोन वाटा आहेत, आणि त्या मासिकांतली सगळी भांडणे या दोन वाटांची आहेत.

इथे वजनमापे सांगावी लागतील. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. जळगावच्या सोन्याच्या पेढीवर ज्याने पाय ठेवला आहे त्याला हे माप अगदी परके नाही. इंग्रजी अमलात तोळा ठरला तो १८० ग्रेनांचा, आणि तोळ्याच्या गुंजा ९६. कोयोटीसाठी अमेरिकेत जे काडतूस सर्वांत अधिक चालते, ते .२२३ रेमिंग्टन, त्याची नेहमीची गोळी ५५ ग्रेनांची, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. साधारण २९ गुंजा शिसे-तांबे, आणि नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ९९० मीटर, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट. .२२-२५० नावाचे काडतूस तेवढीच गोळी सेकंदाला ११०० मीटरांच्याही वर नेते. उलट .२२ हॉर्नेट हे जुने, १९३० च्या दशकातले काडतूस ४५ ग्रेनांची गोळी ८०० मीटरांच्या आसपास फेकते. आणखी बारीक हवी तर .१७ रेमिंग्टन, १९७१ चे. गोळी २५ ग्रेन, म्हणजे तेरा गुंजा, आणि वेग १२०० मीटरांच्या वर. तेरा गुंजांत सोनार नाकातली चमकी आणि कानातली फुले करील, आणि इथे तेवढ्या वजनात पंधरा किलोचे जनावर जागीच बसते.

ते कसे? वेगामुळे. पातळ कवचाची ती इवलीशी गोळी बरगड्यांच्या मधून छातीत शिरते आणि फुफ्फुसात फुटते. सगळा जोर आत खर्च होतो, बाहेर पडायला काही उरत नाही. शिरल्याचे भोक शोधायला केस बाजूला करून पाहावे लागते. कातडे राखणाऱ्यांची ही पहिली पसंती. पण तिची अडचण अशी की ती फार नाजूक असते. जनावर जवळ, तीस-चाळीस हातांवर असेल तर गोळी पूर्ण वेगात असते. ती खांद्याच्या हाडावर बसली तर आत न जाता वरच फुटते. मग भोक बाहेर पडण्याच्या बाजूला नव्हे, शिरण्याच्याच बाजूला पडते, तळहाताएवढे पण उथळ. कातडे गेले, आणि जनावर उघड्या जखमेनिशी पळाले. तीच गोळी अडीचशे मीटरांवर वेग ओसरल्यावर वेगळी वागते. म्हणून 'कोणती गोळी' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. किती अंतरावर, कोणत्या कोनात, हाडावर की हाडामागे, हे कळल्याखेरीज डब्यावरचे नाव वाचून काही उपयोग नाही. जाणते शिकारी सांगतात की जनावर समोरासमोर असेल तर छातीच्या मध्यावर मारावे, कारण गोळीला लांबीने सगळे अंग पार करावे लागते आणि ती आतच राहते. आडवे असेल तर खांद्याच्या मागे, बरगड्यांत मारावे. तिरपे उभे असेल तर थांबावे. आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी कोणत्याही कारखान्याने गोळी काढलेली नाही.

दुसरी वाट पूर्ण कवचाच्या गोळीची. ती आरपार जाते, दोन्हीकडे बारीक भोक पाडते. दोन टाके घातले की कातडे नवे. कागदावर हा हिशेब सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो दोन ठिकाणी चुकतो. एक तर .२२३ सारख्या वेगवान काडतुसात पूर्ण कवचाची गोळीही दरवेळी सरळ जात नाही. अंगात शिरल्यावर ती आडवी होते, कधी मधोमध मोडते, आणि मग भोक बारीक राहत नाही. दुसरे, ती सरळ गेली तर जनावर पडत नाही. फुफ्फुसाला पेन्सिलीएवढे छिद्र पडलेला कोयोटी मैलभर धावू शकतो. बर्फात रक्ताचा माग असला तर सापडतो, नसला तर नाही. सापडला तर कातडे उत्तम, पहिल्या प्रतीचे. त्याला मरायला किती वेळ लागला हे प्रतवारी करणाऱ्याच्या बोटांना कळत नाही.

छऱ्याच्या बंदुकीबद्दल फार सांगत नाही. तीस-पस्तीस यार्डांच्या आत जाड छऱ्यांनी जनावर लवकर पडते. कातड्याला बारीक भोके पुष्कळ पडतात पण ती मिटतात. त्या पलीकडच्या अंतरावर छर्रे नुसते जखमी करतात. .२२ ची साधी, खेळातली रायफल कोयोटीला अपुरी आहे, हे बहुतेक सगळे मान्य करतात, तरी ती वापरणारे असतातच, कारण तिचे काडतूस स्वस्त.

मारल्यानंतरचे काम आम्हाला अधिक आवडले, कारण ते कष्टाचे आहे. कोयोटीचे कातडे पोटावरून फाडून सोलत नाहीत. मागच्या पायांपासून सुरुवात करून पायमोजा उलटा काढावा तसे डोक्याकडे ओढून काढतात. मग आतली चरबी बोथट सुरीने खरवडून काढायची. याच वेळी भोक आतल्या बाजूने शिवायचे, कारण कातडे एकदा वाळले की सुई चालत नाही. नंतर केस आत ठेवून ते लाकडी फळीवर चढवायचे आणि थोडे वाळले की उलटवून केस बाहेर आणायचे. मासिकांतल्या चित्रांत शिकारी बंदूक घेऊन उभा असतो. खरवडणाऱ्याचे चित्र आम्हाला क्वचितच दिसले. आपल्याकडेही हेच होते. म्हैसूरला व्हॅन इंगेन नावाच्या कुटुंबाचा कातड्यापासून जनावर पुन्हा उभे करण्याचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत चालला. देशभरच्या संस्थानिकांचे आणि साहेबांचे वाघ तिथे जात. भिंतीवरच्या वाघाखाली पाटी असते ती गोळी मारणाऱ्याची. ज्या कारागिरांनी ते भोक असे बुजवले की कोणाला दिसू नये, त्यांच्या नावाची पाटी आम्हाला कुठे आढळली नाही.

खानदेशात हा प्रश्न नवा नाही. १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम याने इथल्या दहा वर्षांत दीडशेहून अधिक वाघ मारले. त्या वेळी बंदूक तोंडाकडून भरायची, गोळी म्हणजे शिशाचा मोठा गोल दाणा, वेग थोडा, आणि भोक गोळीएवढे. कातड्याची फिकीर त्याला असेल असे वाटत नाही. वाघ मेल्याची नोंद आणि पलटणीवरची छाप, यांतच त्याचे काम होते.

कातड्याची फिकीर होती ती दुसऱ्या लोकांना. फासेपारध्यांना. तात आणि घोड्याच्या केसांचे फास विणायचे, शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने हळूहळू हरणाच्या कळपाकडे सरकायचे, फास रांगेत मांडायचे आणि कळप त्यांवर नेऊन सोडायचा. गोळी नाही, आवाज नाही, भोक नाही. मुंजीच्या बटूला लागणारे मृगाजिन, पूजेला बसायचे कातडे, ज्यांच्या घरी ते सोवळ्यात ठेवले जाई त्यांनी ते कोणी आणि कसे आणले याची चौकशी केली नाही. आणि ज्यांनी आणले त्यांच्या जमातीवर सरकारने कायद्याने गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. तो १९५२ साली पुसला गेला, कागदावर. नंतर शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना दुसरे काम देण्याचे कलम त्या कायद्यात नव्हते. कारखाना बंद करताना कामगाराला नुकसानभरपाई द्यावी लागते, एवढे तरी आपण लढून मिळवले आहे. रानातल्या कामगाराला ती कोणी दिली नाही.

आता आमचा मुद्दा सांगतो. अखंड कातडे पाहिले की आपल्याला वाटते, हे काम सफाईचे झाले. व्यापाऱ्यालाही तसेच वाटते आणि भाव तसाच ठरतो. प्रत्यक्षात अखंड कातडे दोनच प्रकारे मिळते. एक, अत्यंत निष्णात माणसाने, योग्य अंतरावरून, योग्य गोळीने, हाड चुकवून मारले तर. दुसरे, गोळी न वापरता मारले तर. दुसरा प्रकार सोपा आहे, स्वस्त आहे आणि हळू आहे. तारेचा फास, पाय पकडणारा लोखंडी सापळा, विष, विजेची तार. युरोपातल्या देशांनी पोलादी जबड्यांचे सापळे बंद करण्याचा निर्णय १९९१ साली घेतला तो यासाठीच. आपल्याकडे बिबट्याची कातडी पकडली जातात, त्यांतल्या पुष्कळांवर गोळीचे भोक नसते, आणि तपास करणारा जाणता अधिकारी ते कातडे पाहून खूश होत नाही. भोक नाही म्हणजे मरण सोपे होते असे नव्हे. बहुधा उलटच.

म्हणून बाजारभाव जेव्हा फक्त भोक मोजतो, तेव्हा तो माणसाला पूर्ण कवचाच्या गोळीकडे आणि फासाकडे ढकलतो. चांगला शिकारी या ढकलण्याला विरोध करतो. तो म्हणतो, कातडे थोडे फाटले तर फाटू दे, जनावर उभ्या जागी पडले पाहिजे. अशी माणसे त्या मासिकांत भेटली, आणि मोठी गोळी घेऊन दोन टाके जास्त घालायला ती तयार असत. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. ज्याचा खिसा एका बाजूला ओढतो आणि जो दुसऱ्या बाजूला उभा राहतो, त्याला आम्ही आमच्या धंद्यातही ओळखतो.

कोणी म्हणेल, मग कातड्याचा भावच पडला तर सगळे सुरळीत होईल. आम्हालाही तसे वाटत होते. तो पडला. कोयोटीच्या झालरी लावणाऱ्या कॅनडा गूज या मोठ्या कंपनीने २०२१ साली फर विकत घेणे बंद करण्याचे जाहीर केले. त्याआधी २०१९ साली उत्तर अमेरिकेतल्या एका फार मोठ्या लिलावघराला धनकोंपासून संरक्षण मागण्याची पाळी आली. कॅलिफोर्नियात २०२३ पासून नव्या फरच्या विक्रीवर बंदी आहे. याने कोयोटी वाचला का? अमेरिकेच्या पुष्कळ राज्यांत त्याला मारायला हंगाम नाही आणि संख्येची मर्यादा नाही, कारण तो मेंढ्यांचा शत्रू ठरलेला. कातडे विकायचे होते तोवर निदान हिवाळ्यातच मारायचे, हाड चुकवायचे, थांबायचे, एवढी शिस्त होती. ज्याला कातडे नकोच आहे त्याला भर उन्हाळ्यात, पिलांच्या दिवसांत, कुठेही आणि कशानेही मारता येते, आणि मेलेले जनावर शिशाच्या कणांसकट रानात टाकून देता येते. ते गिधाडे आणि गरुड खातात आणि त्यांना शिशाची विषबाधा होते. त्यासाठी कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीच बंद केली. म्हणजे भाव होता तेव्हा एक दुःख, भाव गेला तेव्हा दुसरे. या प्रश्नाला बाजाराने उत्तर द्यावे अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे, एवढे आम्हाला दिसते.

आपल्याकडे कोल्ह्याच्या कातड्याला भाव नाही. म्हणून तो सुखात आहे, असे कोणी समजू नये. त्याला मारतात ते 'कोल्ह्याच्या शिंगा'साठी. श्रोतेहो, कोल्ह्याला शिंग नसते. केसांचा पुंजका लावलेली हाडासारखी एक गाठ डबीत शेंदरात ठेवून धनलाभासाठी म्हणून विकली जाते. पुष्कळदा तो कुत्र्याच्या कातड्याचा तुकडा असतो. घेणारे सगळे अडाणी असतात असेही नाही. त्यांत दुकानदार असतात, पदवीधर असतात, आणि त्यांपैकी एखादा या मांडवातही बसला असेल.

दुसरे मरण शेताच्या बांधावर आहे. रानडुकरांसाठी पिठाच्या गोळ्यात दारू भरून ठेवतात. डुक्कर येते न येते, वासाने कोल्हा येतो, आणि जबडा फुटून दोन दोन दिवस जगतो. त्या दारूगोळ्याची निवड करताना कोणी ग्रेन मोजत नाही. तिसरी गोष्ट विजेच्या तारेची. रात्री कुंपणात वीज सोडतात, सकाळी विसरतात. त्या तारेला जनावर चिकटते तसा माणूसही चिकटतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा शेताचा मालक नसतो. सालदार असतो, पाणी द्यायला पहाटे निघालेला मजूर असतो. अशा मजुराच्या घरी आम्ही गेलो आहोत. तिथे गुन्हा नोंदवावा की नाही यावर गावात दोन दिवस बैठक चालते, आणि बायको ओसरीवर बसून असते.

डुकरांनी, हरणांनी पीक खाल्ले तर सरकारकडून भरपाई मिळते. अर्ज करावा लागतो, पंचनामा करून घ्यावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि कंटाळवाणी कामे करण्याचा आम्हाला बराच सराव आहे. ज्या शेतकऱ्यांना अर्ज लिहून हवे आहेत त्यांनी संध्याकाळी सातनंतर युनियनच्या कचेरीत यावे. पैसे पडत नाहीत. आणि बांधावर जबडा फुटलेला कोल्हा, फासात अडकलेले जनावर किंवा वीज सोडलेली तार दिसली, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. तार असेल तर आधी वीज मंडळाच्या माणसाला उठवावे, आणि तो येईपर्यंत कोणाला जवळ जाऊ देऊ नये.